पुरलेली पावडर

अकोल्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथं माती, भाजी, धान्य, दूध असे नमुने येतात आणि त्यांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला आहे ते आम्ही मोजून देतो. वऱ्हाडात विषाला औषध म्हणतात. माझ्याही तोंडात आता तोच शब्द बसला आहे.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आमच्याकडे जुनं मशीन जाऊन नवं आलं. नव्या मशीनवर काम सुरू करायचं तर आधी कोरी माती लागते. म्हणजे जिच्यात औषधाचा मागमूस नाही अशी. तिच्यावर मशीननं सरळ रेघ काढली पाहिजे. मग तिच्यात मोजून औषध घालायचं आणि मशीन तेवढंच दाखवतं का ते पाहायचं. कपाशीच्या मुलखात अशी माती मिळणं अवघड. आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, "कुणाच्या ओळखीत आहे का असं एखादं शेत?"

मी पटकन म्हणाले, "माझ्या बाबांचं."

हे म्हणताना किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

आमचं गाव अमरावतीच्या पुढे, रिद्धपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. घर वावरातच. बाबा भाजीपाला काढतात: वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, ढेमसं, आणि उन्हाळ्यात कोहळं म्हणजे लाल भोपळा, लवकी म्हणजे दुधी, आणि काकडी. पंधरा वर्षांपासून त्यांनी इखाचा, म्हणजे विषाचा, थेंब वावरात येऊ दिला नव्हता. शेणखत, निंबोळीचा अर्क, गोमूत्र, बस्स. दर रविवारी अमरावतीला त्यांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे एक टेबल, वर हिरवी जाळी, आणि 'विषमुक्त भाजी' असं त्यांनी स्वतः रंगवलेलं पाटीवरचं अक्षर. गिऱ्हाईक बांधलेलं होतं. बाळंतिणीच्या घरचे, म्हाताऱ्या माणसांच्या घरचे, दवाखान्यातून आलेले लोक मुद्दाम त्यांच्याकडे यायचे.

त्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा माय कोहळ्याच्या वेलापाशी बसून निंदत होती. पडक्या कोठ्याच्या बाजूला ती जागा आहे. गुरं गेली, कोठा पडला, आणि तिथं वेल कसे सुसाट वाढतात म्हणून बाबांनी ती पट्टी वेलांनाच देऊन टाकली होती. मी मायजवळ उकिडवी बसले, बोलता बोलता खुरप्यानं माती उकरली आणि पिशवी भरली. दुसरीकडून घ्यायचं सुचलंच नाही. गप्पा चालल्या होत्या ना.

सोमवारी ती माती मी वाळवली, चाळली, द्रावणात हलवून तिचा अर्क काढला आणि मशीनला दिला. रेघ थोडी सरळ चालली आणि मग उठली. एक टोक, दुसरं टोक, आणि पुढे एक चांगलंच उंच. आमच्याकडे या टोकाला 'पीक' म्हणतात, इंग्रजीतलं. बाबांना मी एकदा फोनवर म्हणाले होते, आज पीक चांगलं आलं, तर त्यांनी विचारलं होतं, "कायचं?"

मला वाटलं काचेची भांडी नीट धुतली गेली नसतील. सगळी पुन्हा धुतली, भट्टीत तापवली. मंगळवारी पुन्हा तीच तीन टोकं. बुधवारी मी नुसतं द्रावण चालवलं, मातीशिवाय. रेघ सरळ. भांडी स्वच्छ होती, मशीन ठीक होतं. उरली ती माती.

मॅडमनी कागद पाहिला. चष्मा वर केला, खाली केला.

"ही दोन टोकं बीएचसीची आहेत. आणि हे मोठं डीडीटीचं, पण सरळ डीडीटी नाही, ते मोडून जे उरतं ते. म्हणजे जुनं आहे. खूप जुनं." मग त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी फवारलेलं नाही हे. हे फवारून एवढं उरत नाही."

ही दोन्ही औषधं शेतात वापरायला कधीच बंद झाली आहेत. मी शाळेत होते तेव्हाही ती दुकानात दिसत नव्हती. पण माती त्यांना सोडत नाही. पाण्यात ती विरघळत नाहीत, ऊन त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि मातीतले जिवाणू त्यांना खायला फारसे तयार नसतात. मला हे सगळं पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. आमच्या कोठ्यामागच्या मातीबद्दल ते खरं असेल, हे मात्र डोक्यात शिरत नव्हतं.

"मातीत आहे म्हणून भाजीत असेलच असं नाही," मॅडम समजावून सांगायला लागल्या. "आपण जोरकस द्रावण घालून मातीच्या हाडातून काढतो. मूळ तसं करत नाही. एवढी जुनी औषधं काळ्या मातीच्या कणांत, कुजलेल्या खतात रुतून बसलेली असतात. आहेत, पण झाडाच्या हाती लागत नाहीत. बहुतेक झाडांच्या." मग थांबून विचारलं, "काय लावलंय तिथं?"

"कोहळं. लवकी."

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मलाही माहीत होतं. भोपळ्याच्या कुळातली मुळं इतरांसारखी नाहीत. जे बाकीच्यांना सुटत नाही, ते ती सोडवून घेतात आणि वेलातून वर चढवतात.

आणि माझ्या डोळ्यांपुढे वहिनी आली. तिच्या बाळंतपणाला दीड महिना झाला होता. दूध उतरावं म्हणून माय तिला रोज लवकीची भाजी करून घालत होती.

तो आठवडा मी कसा काढला सांगता येत नाही. फोनवर काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अजून भाजी तपासलीच नव्हती. नुसत्या मातीवरून घर हादरवून टाकायचं का? मायचा रोज फोन यायचा. बाळ कसं हसलं, वहिनीनं किती खाल्लं. मी विचारायचे, "काय खाल्लं?" आणि उत्तर ऐकू नये असं वाटायचं.

शनिवारी दुपारी घरी पोचले तेव्हा माय चुलीपुढे बसून लवकीच सोलत होती.

"आज लवकी नको करू," मी म्हणाले.

"काहून?"

"शिळी वाटून राह्यली."

माय माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "आत्ता तोडली म्या. तुह्यासमोर देठ ओला हाये."

"मंग मले वरण-भातच खाऊ वाटते. सगळ्यांसाठी तेच कर."

वहिनी दारात बाळाला घेऊन उभी होती. तिनं मायच्या हातातली लवकी पाहिली, मग मला पाहिलं. संध्याकाळी मी वेलापाशी पिशव्या घेऊन बसले तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"ताई, लवकीत काई हाये का?"

"माहीत नाई अजून."

"पण तुमाले वाटते."

"वहिनी, चार दिवस खाऊ नको. चार दिवसांनी सांगतो."

ती मान हलवून गेली. मी कोहळ्याचा वेल, पानं, फळ, लवकीचं फळ, आणि दूरच्या टोकाचं भेदरं, सांभार असं सगळं वेगवेगळं बांधलं. मोटेच्या जुन्या विहिरीपलीकडे बाबा पाणी देत होते. ते आले.

"काय जमा करून राह्यली?"

"तपासाले नेतो. बाबा, इथं आधी काय होतं?"

"कोठा होता. तुले माहीत नाई का?"

"कोठ्याच्या आधी? मांगं?"

त्यांनी फावडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "काई नाई," म्हणाले आणि पाण्याकडे गेले. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. म्हणून ते 'काई नाई' मला टोचत राहिलं.

गुरुवारी निकाल आला. सांभार, भेदरं स्वच्छ. लवकीच्या फळात थोडं, मर्यादेच्या आत, पण होतं. कोहळ्याच्या वेलात खूप, पानांत त्याहून कमी, आणि फळात मर्यादेच्या वर. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि शनिवारची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळची एसटी पकडली. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, मग दुसरी गाडी. पूर्ण रस्ताभर मी पहिलं वाक्य जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

शेवटी सरळ सांगितलं. बाबा, माय, वहिनी तिघं ओसरीवर बसले होते. भाऊ अमरावतीला कामावर गेला होता.

बाबांनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुही मशीन चुकली असन."

"तीनदा पाह्यलं, बाबा."

"पंधरा वर्सं. पंधरा वर्सं म्या हात नाई लावला इखाले. लोक हासले माह्यावर. अळीनं अर्धं वांगं खाल्लं तं खाऊ देलं. आन् तू मले सांगतं का माह्या वावरात इख हाये?"

"तुमी टाकलं नाई हे मले माहीत हाये. पण तिथं हाये."

माय मध्येच म्हणाली, "हाये तं हाये. कोहळं उपटून फेकू. पन बाई, हे कोनाले सांगू नको. तुह्या बापाचं नाव हाये बजारात. लोक फक्त येवढंच ध्यानात ठेवतीन."

"माय, लोकांनी खाल्लं ते कोहळं."

"मंग? मेलं का कोनी?"

मेलं नव्हतं कुणी. या औषधांचं तसं नसतंच. ती शरीरातल्या चरबीत जाऊन बसतात आणि वाट पाहतात. पण हे मायला सांगायचं म्हणजे वहिनीसमोर सांगायचं होतं, आणि वहिनी माझ्याकडेच पाहत होती. तिनंच विचारलं.

"दुधात उतरते का, ताई?"

बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"थोडं उतरते," मी म्हणाले. "सगळ्याच बायांच्या दुधात थोडं असते, वहिनी, शहरातल्याबी. दूध बंद करू नको. म्या डॉक्टरले इचारून आली. दूध पाजनंच चांगलं हाये, असं सांगतलं त्यायनं. फक्त हे खानं बंद."

तिनं बाळाच्या अंगावरचा पदर सारखा केला. "बरं," म्हणाली, आणि उठून आत गेली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बाबा उठले आणि वावरात निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. रात्री माय त्यांचं ताट झाकून ठेवून आली. ते केव्हा जेवले मला कळलं नाही.

सकाळी मी चहा घेत होते तेव्हा माय धापा टाकत आली. "जाय पाह्य बाई, तुह्या बापानं वेल उपटले आन् खोदून राह्यला."

मी तशीच अनवाणी धावले. कोठ्याच्या जागेवर कोहळ्याच्या वेलांचा ढीग पडला होता आणि त्याच्या पलीकडे बाबा मांडीभर खड्ड्यात उभे होते. तोंडाला दुपट्टा, अंगात बनियान, हात उघडे. खड्ड्याच्या कडेला काढलेली माती, आणि त्या काळ्या मातीत पांढरट, पिवळट ढेकळं. ओलसर, कुबट वास मला चार पावलांवरून आला. तो वास मी प्रयोगशाळेत बाटलीचं झाकण उघडताना कधीतरी घेतला होता, नखाएवढ्या कणाचा. इथं टोपलीभर होतं.

"बाबा, बाहेर निघा!"

ते वर न पाहता म्हणाले, "काढून टाकतो. आजच्या आज काढून टाकतो."

"बाहेर निघा म्हणतो ना!"

आयुष्यात मी बाबांवर एवढ्या जोरानं कधी ओरडले नव्हते. त्यांनी फावडं थांबवलं. त्यांच्या केसांवर, भुवयांवर बारीक धूळ होती. फावड्याच्या पात्याला प्लॅस्टिकच्या अस्तराचा, कुजक्या गोणीचा तुकडा चिकटला होता. मी हात दिला नाही. देऊ नये एवढं भान होतं. ते स्वतःच कडेला हात टेकून वर आले.

मी त्यांना हौदावर नेलं. कपडे बाजूला काढून ठेवायला लावले, साबणानं तीनदा हात, डोकं, मान धुवायला लावलं. माय बादल्या भरून देत होती. बाबा लहान मुलासारखे सांगितलेलं करत होते. मग टॉवेल गुंडाळून ते बाजेवर बसले आणि त्यांनी सांगितलं.

"तवा कपाशीवर पावडर मारत. पातळ कापडाच्या थैलीत घालून पऱ्हाटीवर झटकायची, सकाळच्या दवात. आमी पोट्टे होतो, तोंडाले काई बांधत नसो. मंग आपला बैल मेला. पांढरा, तुह्या जन्माच्या आधीचा. कोठ्यात गोण्या ठेवल्या होत्या, त्यानं फाटकी गोनी चाटली. म्या त्याच दिवसी ठरवलं, हे घरात नको. इकून टाका म्हनत होते लोक. म्या इकलं नाई. दुसऱ्याचा बैल मारू का? कोठ्यामांगं गड्डा खंदला आन् पुरलं. वर माती लोटली." त्यांनी ओले केस कपाळावरून मागे सारले. "माती सगळं खाते म्हनतात ना, बाई. शेन खाते, मुडदा खाते. म्या म्हनलं, हेबी खाईन."

मी त्यांच्या बाजूला बसले. त्यांनी जे केलं होतं ते वाईट बुद्धीनं केलं नव्हतं. उलट, त्या काळात गावात दुसऱ्या कुणी तेवढा विचार केला नसेल.

पण विचार करत बसायला वेळ नव्हता. दुपारी वारा सुटला. एप्रिल जवळ आला होता आणि आमच्याकडे त्या दिवसांत अवकाळी येतो तो गारपीट घेऊन. उत्तरेला आभाळ काळं व्हायला लागलं. खड्डा उघडा, पांढऱ्या ढेकळांचा ढीग वर, आणि तिथून उतार सरळ विहिरीकडे. पाऊस पडला असता तर जे इतकी वर्षं एका जागी होतं ते विहिरीत आणि नाल्यात गेलं असतं.

भाऊ घरी आला तोच आम्ही त्याला ताडपत्री आणायला पिटाळलं. मी हातमोजे घालून, नाक-तोंड ओल्या फडक्यानं बांधून ढेकळं परत खड्ड्यात ढकलत होते. झाडूनं नाही, फावड्यानंही नाही, हातानं, धूळ उडू नये म्हणून. बाबा येऊ पाहत होते. माय त्यांचा दंड धरून उभी होती. वहिनीला मी दार लावून आत बसवलं होतं. ती खिडकीतून सांगत होती, "ताई, इज चमकली." पहिले टपोरे थेंब पडले तेव्हा ताडपत्रीचं एक टोक अजून सुटं होतं. भावानं त्यावर कोठ्याचे दगड आणून टाकले, एकामागून एक, आणि मी विहिरीकडच्या बाजूनं मातीचा बांध घातला. माझ्या पायांवर पाणी वाहत होतं आणि त्या पाण्याचा रंग मी सारखी पाहत होते.

पाऊस अर्धा तास झाला. बांध टिकला. पुढे चार वेळा मी विहिरीचं पाणी तपासलं. काही निघालं नाही. पण त्या अर्ध्या तासात मला जे वाटलं होतं ते अजून अंगातून गेलेलं नाही.

रविवारी मायनं बाबांच्या टोपल्या भरून दिल्या: वांगी, भेदरं, सांभार, मेथी. कोहळं, लवकी नव्हतीच. दुकानावर मीही गेले. माझी अपेक्षा होती की बाबा गप्प बसतील आणि मीही काही म्हणणार नव्हते. मायचं म्हणणं मला आतून थोडं पटलं होतं, हे कबूल करते.

पहिलंच गिऱ्हाईक एक निवृत्त शिक्षिका. दर रविवारी सुनेसाठी कोहळं न्यायच्या.

"आज कोहळं नाही?"

"नाई बाई," बाबा म्हणाले. "आन् मांगं नेलं ते खराब होतं. म्या तुमाले इखाचं कोहळं देलं."

त्यांना वाटलं मस्करी करतात. बाबांनी मग सगळं सांगितलं, गोण्या, खड्डा, माझं मशीन, कागद. मागे उभे असलेले लोकही ऐकत होते. एकाचा आवाज चढला: "आमी जास्त पैसे देऊन तुमच्याकडून नेत होतो!" दुसरा पिशवी रिकामी करून निघून गेला. शिक्षिकाबाई मला विचारत होत्या, किती खाल्लं तर काय होतं, सुनेला दवाखान्यात न्यावं का. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. जे माहीत नव्हतं तेही सांगितलं. बाबांनी दुपारी पाटी उतरवून उलटी ठेवली. टोपल्या जवळजवळ भरलेल्याच परत आल्या. टेम्पोत ते एवढंच म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको, तो मानूस कसा बोलला ते."

खड्ड्याचं पुढे लगेच काही झालं नाही. आम्ही अर्ज केले. या कार्यालयाचं काम नाही, त्या कार्यालयाचं आहे, असं करत उन्हाळा गेला, पावसाळा ताडपत्रीखाली काढला. शेवटी एक अधिकारी आले, त्यांनी माणसं आणली, गोण्यांचे अवशेष आणि भोवतालची माती झाकणाच्या पिंपांत भरून नेली. पण सगळी माती नेता येत नाही. पट्टीभर जमिनीत कमीअधिक ते पसरलेलं राहिलंच.

त्या उरलेल्यासाठी मॅडमनी एक सुचवलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करायचा, बारीक करून मातीत मिसळायचा. कोळशाला असंख्य बारीक भोकं असतात. ही औषधं त्यात जाऊन अडकतात आणि मुळांच्या हाती लागत नाहीत. बाबांनी लोखंडी ड्रममध्ये कोळसा केला, हातमोजे घालून, तोंड बांधून, मी सांगितलं तसं. अर्ध्या पट्टीत तो मिसळला, अर्धी तशीच ठेवली, आणि दोन्हीकडे कोहळ्याचे वेल लावले, फक्त तपासायला.

पुढच्या उन्हाळ्यात मी दोन्हीकडची माती नेली, दोन्हीकडचे वेल नेले. माती दोन्हीकडे सारखीच बोलली. तेवढंच टोक, तेवढीच उंची. पण कोळशाच्या बाजूच्या वेलात फार कमी निघालं.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते पटकन उभे राहिले. "म्हंजे गेलं?"

"गेलं नाई, बाबा. तिथंच हाये. पण त्याले धरून ठेवलं हाये."

"किती दिवस धरीन?"

"वर्सानुवर्सं. नक्की कोनीच सांगू शकत नाई."

"मंग इकायचं नाई."

"नाई. तिथलं कोहळं इकायचं नाई."

त्यांनी तपासून झालेले वेल स्वतः उपटले आणि पिशवीत बांधले. तिथं आता वेल लावत नाहीत. शेवग्याची झाडं आहेत, तीही शेंगांसाठी नाहीत, फक्त कुंपण म्हणून. ते बाळ, माझी भाची, आता दोन वर्षांची झाली आहे, धडधाकट आहे, खूप बोलते. वहिनीनं त्या दिवसानंतर दुधाबद्दल मला कधी विचारलं नाही. एकदाच, पोरीला भात भरवताना, ती म्हणाली, "ताई, तुमी त्या दिवसी खोटं सांगतलं असतं तं चाललं असतं." आणि लगेच, "नाई, नसतं चाललं." मी तिच्याजवळ बसून राहिले.

बाजारातलं बोलणं गावात पोचायला वेळ लागला नाही. मला वाटलं होतं लोक हसतील. हसले काही. पण मग एका संध्याकाळी बाबांच्या वयाचे एक काका आले, ओसरीवर न बसता दारातच उभे राहिले, आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "माह्या वावराच्या धुऱ्यावरबी एक गड्डा हाये." दोन आठवड्यांनी आणखी एक जण आला. तोही तसाच, एकटा, दिवेलागणीला. मी त्यांची माती नेली, तपासून दिली. एकाची स्वच्छ निघाली, एकाची नाही.

तिसरे आले ते गेल्या महिन्यात. खूप म्हातारे, काठी टेकत. बाबांनी त्यांना खुर्ची दिली. चहा घेऊन झाला तरी ते काही सांगेनात. मी विचारलं, "बाप्पा, तुमीबी पुरलं होतं का?"

"पुरलं होतं. लय होतं."

"कुठी?"

ते काठीच्या टोकाकडे पाहत राहिले. "आता तिथं माह्या पोराचं घर हाये. चार खोल्या. सून पोटुशी हाये." मग माझ्याकडे पाहिलं. "सांगून काय करू, बाई? घर पाडू का?"

बाबा माझ्याकडे पाहत होते. मला माहीत होतं की फरशीखालची, कोरडी, हवेपासून तुटलेली माती बहुतेक वेळा तशीच पडून राहते. हेही माहीत होतं की घरामागे त्यांच्या सुनेनं वाफे केले असतील, आणि वाफ्यात काय लावलं असेल.

"घर नाई पाडायचं," मी म्हणाले. "परसात काय लावलं हाये, ते पाहू आधी."

ते काठी रोवून उभे राहिले. मी चपला घातल्या, आणि आम्ही तिघं त्यांच्या घराकडे निघालो. ते पुढे, हळूहळू, आणि दर थोड्या अंतरावर थांबून मागे वळून पाहत, आम्ही खरंच येतो आहोत का ते.